रांगेत उभं राहून चक्कर येते, तपासतात मात्र झोपवून

थोडं लांब लिहितोय. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर वाचा. आज राजकारण नाही, त्यामुळे कमेंटमध्ये कुस्ती खेळायला येणाऱ्या मित्रांनी थोडी विश्रांती घ्यावी. काही डॉक्टर मित्रांना मात्र हे लागणार आहे. लागू द्या. मलाही लागलंय.

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास कुठल्याही दवाखान्यात केसपेपरच्या रांगेजवळ अर्धा तास उभं राहून बघा. बातमीच्या निमित्तानं मी वीस वर्षं हेच करत आलोय. रांग हलत नसते. एखादी बाई आधी भिंतीला टेकते, मग पदरानं तोंड पुसते, मग हळूच खालीच बसते. चेहरा पांढराफटक. शेजारची ओरडते, "चक्कर आली वाटते बाईले, पानी आना कोनी." लोक चांगले असतात. पाणी देतात, वारा घालतात, रांगेत पुढं सोडतात. ती बाई डॉक्टरसमोर पोचते तेव्हा तिला बसून दहा मिनिटं झालेली असतात, पोटात तांब्याभर पाणी गेलेलं असतं. स्टुलावर बसवून दंडाला पट्टा बांधतात. ११०/७०. "बीपी एकदम नॉर्मल आहे बाई. टेन्शन घेऊ नका, जेवत जा." बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, नेक्स्ट.

आजार रांगेत पन्नास माणसांच्या डोळ्यांसमोर दिसला होता. तपासायची वेळ आली तोवर तो बसून बरा झाला होता. आणि केसपेपरवर लिहिलं काय, तर अशक्तपणा.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझी पुतणी, मोठ्या भावाची मुलगी. तिला विचारून लिहितोय. घरात यावरून वाद झाला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उद्या पोरीले पाहाले पाहुणे येतीन, तुम्ही कायले गावभर करता?" पुतणीच म्हणाली, "काका, लिहा तुम्ही. फक्त माझं आन् कॉलेजचं नाव नका टाकू." म्हणून दोन्ही नाहीत.

अठरा वर्षांची होती. पावसाळ्यात डेंग्यू झाला, आठ-दहा दिवसांत बरी झाली. प्लेटलेट वर आल्या, पपईच्या पानांचा रस पिऊन झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. महिनाभरानं तिनं सांगायला सुरुवात केली. पलंगावरून उठलं की छातीत थ्रेशर सुरू झाल्यासारखं धडधडतं. गरम पाण्यानं आंघोळ केली की डोळ्यांपुढं अंधारी येते. हात वर करून वेणी घालायला घेतली की हातपाय गळतात. तव्यासमोर चार पोळ्या होत नाहीत तोच खाली बसावं लागतं. झोपलं की सगळं थांबतं. तिनं हे स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "उभं राहिलं का होते, झोपलं का नाई होत." सगळं निदान तिच्या त्या एका वाक्यात होतं. आमच्यापैकी कोणीच ते ऐकलं नाही.

पुढचे चौदा महिने सांगतो, थोडक्यात. पहिल्या दवाखान्यात अशक्तपणा, तीन दिवस सलाईन. दुसरीकडं एक्स-रे, मानेच्या मणक्यात 'गॅप', पट्टा. (आपल्याकडं प्रत्येकाच्या मणक्यात गॅप असते. गॅप नसलेला माणूस मी अजून पाहिला नाही.) तिसरीकडं कानाचा दोष, गरगर थांबायच्या गोळ्या. चौथीकडं मेंदूचा सीटी स्कॅन, नॉर्मल. पाचव्यांनी सगळे कागद चाळले आणि भावाला बाजूला घेऊन विचारलं, "पोरीचं कुठं काही प्रकरण आहे का?" मधल्या काळात आजीनं नजर काढली, कोणी अंगारा आणून दिला. एकदा वाशिमला जाताना एस.टी.त उभ्या उभ्या कोसळली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं ते फार चांगलं झालं, पण गाड्या तेवढ्याच राहिल्या, बसायला जागा कुठं. त्यानंतर तिचं कॉलेज सुटलं. पस्तीस हजारांच्या आसपास खर्च झाला, त्यात जाण्या-येण्याचे वेगळे.

आणि मी? मी तिला म्हणालो होतो, "मोबाईल कमी कर, रात्री लवकर झोप, सगळं ठीक होईल." पत्रकारितेची पदविका घेतलेला, चार लोकांत शहाणा समजला जाणारा काका.

शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून बार्शीटाकळीच्या रस्त्यानं अकोल्याला गेलो, एका वयस्कर फिजिशियनकडं. त्यांनी फाईल उघडलीच नाही. आधी विचारलं, "कधी होतं?" तिनं तेच वाक्य सांगितलं. ते म्हणाले, "मग उभं करूनच बघू की." तिला पाच मिनिटं शांत झोपवलं. नाडी ७६, बीपी ११२/७२. मग उठवून भिंतीजवळ उभं केलं, हलायचं नाही, बोलायचं नाही. सिस्टर शेजारी उभी. दुसऱ्या मिनिटाला नाडी १०८. पाचव्या मिनिटाला ११८. दहाव्या मिनिटाला १२४, बीपी ११०/७६. म्हणजे बीपी जागच्या जागी आणि हृदय नुसतं उभं राहून मिनिटाला ४८ ठोके जास्त मारतंय, जशी काही पोरगी धावत डोंगर चढतेय. पायांचे पंजे जांभळट-लाल झाले होते. तेही आम्ही चौदा महिन्यांत कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला झोपवलं, नाडी दोन मिनिटांत खाली आली. ती छताकडं बघत म्हणाली, "म्हणजे मी नाटक नव्हते करत."

दहा मिनिटं लागली. बीपीचं मशीन, एक घड्याळ, एक भिंत. भिंत तर प्रत्येक उपकेंद्रालाही आहे.

या आजाराचं नाव लांबलचक आहे, पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. डॉक्टर मंडळी पॉट्स म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण त्या दिवसानंतर जे वाचलं, विचारलं, ते साध्या भाषेत सांगतो. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडं आणि पायांकडं उतरतं. नळाला जसा उतार लागतो तसं. निरोगी शरीर हे काही सेकंदांत सांभाळतं, पायांच्या शिरा आवळते, ठोके थोडे वाढवते, मेंदूला रक्त कमी पडू देत नाही. आपल्याला पत्ताही लागत नाही. हे सांभाळणारी जी आपोआप चालणारी मज्जायंत्रणा आहे ती बिघडली की शिरा नीट आवळत नाहीत, आणि ती कसर हृदय धावून धावून भरून काढतं. प्रौढ माणसात उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली, बारा ते एकोणीस वयात ४० किंवा जास्त, बीपी मात्र फारसं पडलं नाही, हा त्रास तीन महिन्यांपेक्षा जास्त चालू आहे, आणि दुसरं कारण सापडत नाही, तर पॉट्स. पुतणी तेव्हा एकोणीसची होती, म्हणून तिला ४० ची मोजपट्टी. याउलट उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपीचा वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर तो दुसरा प्रकार, उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा. तो म्हाताऱ्या माणसांत जास्त. दोन्हींसाठी मोजायची पद्धत एकच. झोपवून मोजा, उभं करून मोजा.

आता तिची फाईल आठवा. ईसीजी झोपवून काढतात, आणि तो कागदावर जेमतेम दहा सेकंदांचं हृदय दाखवतो. टू-डी इको झोपवून. सोनोग्राफी झोपवून. सीटी झोपवून. बीपी फार तर बसवून. तक्रार उभं राहिल्यावरची, पण चौदा महिन्यांत कोणी तिला उभं करून तपासलं नाही. आणि सगळं नॉर्मल आलं की दोष यंत्राचा नाही, पद्धतीचा नाही, पोरीच्या मनाचा. गाडी चढावर बंद पडते अशी तक्रार घेऊन गेलो आणि मिस्त्रीनं ती सपाट अंगणात सुरू करून 'काही नाही झालं' म्हटलं, तर आपण त्या मिस्त्रीकडं परत जाऊ का? ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण जितके चिकट असतो तितके पोरींच्या बाबतीत का नसतो?

हा आजार काही कालपरवाचा नाही. १८७१ साली जेकब डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं. जवान पोरं, कित्येकांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेलेले, आणि त्यानंतर छातीत धडधड, चक्कर, दम, थोड्या श्रमानं गळून जाणं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना हाच प्रकार इतका दिसला की त्यांनी हृदयाच्या तक्रारी असलेल्या सैनिकांसाठी वेगळं रुग्णालय काढलं आणि थॉमस लुइस या मोठ्या हृदयतज्ज्ञानं त्यावर पुस्तक लिहिलं. लोक त्याला 'सैनिकाचं हृदय' म्हणत. आजच्या पॉट्सशी ते तंतोतंत जुळतं असं नाही, पण लक्षणं वाचली तर अंगावर काटा येतो. सध्याचं नाव आणि नाडीच्या मोजमापाची व्याख्या रूढ झाली ती १९९३ च्या शोंडॉर्फ आणि लो यांच्या निबंधापासून. सैनिकाला झालं तर त्याच्या हृदयासाठी रुग्णालय. मंगरुळपीरच्या पोरीला झालं तर तिच्या मनाची चौकशी, आणि 'प्रकरण आहे का'.

आणि हा त्रास होतो मुख्यतः बायकांनाच, बहुतेक जणी पंधरा ते पन्नास वयातल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४८३५ रुग्णांनी माहिती दिली होती, त्यात ९४ टक्के स्त्रिया. निम्म्यांना तरी निदान व्हायला दोन वर्षं किंवा जास्त लागली, आणि त्याआधी बहुतेकींना कधी ना कधी 'हे मानसिक आहे' असं ऐकावं लागलं होतं. ही मंडळी बहुतेक अमेरिकेसारख्या देशांतली. तिथं ही गत, तर आपल्याकडच्या बाईनं कोणाच्या तोंडाकडं बघायचं?

बाईच्या तक्रारीला आपल्याकडं दोनच उत्तरं आहेत. एक, काही नाही झालं. दोन, पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती, आठवत असेल. त्यावर अग्रलेख मीही लिहिला होता. मधलं उत्तर, म्हणजे शांतपणे ऐकणं आणि मोजणं, हे या दोन टोकांच्या मधे कुठं तरी हरवतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण उद्या सकाळपर्यंत माझ्या इनबॉक्समध्ये दहा जण 'भाऊ, मलेही पॉट्स हाये' म्हणून येणार. थांबा. चक्कर आणि धडधड म्हणजे पॉट्स नव्हे. आपल्या भागात आधी रक्त बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन कमी असेल तर हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, मग उठलं की धडधड होणारच. मानोऱ्याकडच्या माझ्या एका मावशीला तीन वर्षं 'ताकदीची सुई' चालू होती. कोणी तरी शेवटी हिमोग्लोबिन केलं, ६.४ निघालं. १२ च्या खाली गेलं की कमी, ८ च्या खाली गंभीर, आणि ही बाई ६.४ वर निंदायला जात होती. पाळीत किती रक्त जातं हे तिला त्या तीन वर्षांत एकाही पुरुष डॉक्टरनं विचारलं नव्हतं आणि तिनं आपणहून सांगितलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या घरात होत्या, पण ती चहाबरोबर घ्यायची. चहानं लोह अंगी लागत नाही, हेही तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर पाणी. सोयाबीन सोंगताना किंवा निंदताना बायका तासन्‌तास वाकलेल्या असतात आणि उठल्या की गरगरतं. त्या पाणी का पीत नाहीत, माहीत आहे? वावरात लघवीला आडोसा नसतो म्हणून. सकाळी नऊला घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत दोन ग्लास. त्यात चतुर्थी, नवरात्राचे उपवास. ही चक्कर डॉक्टरच्या गोळीनं जाणार नाही, हा बांधावरचा प्रश्न आहे. थायरॉईड वाढलं तरी हेच होतं, गरोदरपणात होतं, जुन्या मधुमेहात नसा खराब झाल्या की बीपी पडतं. ठोके एकदम बटण दाबल्यासारखे सुरू होऊन एकदम बंद होत असतील, मग बसलेले असा की झोपलेले, तर तो हृदयाच्या तालाचा दोष असू शकतो, त्याला ईसीजीच लागतो, आणि तोही त्रास चालू असताना काढलेला.

आणि गोळ्या. हे लिहिताना हात जड होतोय. माझे वडील, वय ७१. बीपीची गोळी चालू, त्यात लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची गोळी रात्री सुरू झाली. त्यातल्या काही गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात. दोन डॉक्टर वेगळे, एकाला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाबा म्हणायचे, "रात्री उठलो का तोल जाते." आम्ही म्हणायचो, वय झालं. बसवून बीपी १५० निघालं म्हणून गोळी वाढवली गेली. पहाटे तीनला मोरीकडं जाताना पडले, खुब्याचं हाड मोडलं. नंतर एकानं उभं करून मोजलं तर वरचा आकडा १५० वरून ११२ वर. आज ते वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. (हे वाचून कोणी आपली किंवा बापाची गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरला एवढंच म्हणा, साहेब, एकदा उभं करून मोजा.)

म्हणजे माझ्या एकाच गोतावळ्यात तीन माणसं, तिघांची तक्रार एक, कारणं तीन. तिघांनाही आधी मिळालं काय? सलाईन.

सलाईनबद्दल बोललंच पाहिजे, कारण 'सलाईन लावल्यावर बरं वाटते नं भाऊ' हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं जाणारच. वाटतं, खरं आहे. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ज्याच्या अंगात पाणीच कमी आहे, किंवा उभं राहिल्यावर रक्त खाली उतरतं, त्याला अर्धा लिटर मीठपाणी शिरेतून दिलं तर काही तास बरं वाटणारच. पुतणीलाही वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं तर 'सलाईननं बरं वाटतं आणि पुन्हा होतं' हाच एक धागा होता, कोणी ओढला असता तर. पण तीनशे-चारशे रुपयांची बाटली जिथं लटकते तिथं दहा मिनिटं उभं करून बघण्याचे पैसे कोण देणार? रुग्णालाही बाटली दिसली की उपचार झाल्यासारखं वाटतं. दोष एकट्या डॉक्टरचा नाही. 'सलाईन नाही लावलं म्हणजे डॉक्टर बेकार' असं आपणच म्हणतो.

"डॉक्टरांना एवढा वेळ कुठं आहे?" हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. समजा शिबिरात चार तासांत चारशे रुग्ण आणि दोन डॉक्टर. एका रुग्णाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. सरकारी ओपीडीतला हिशेब यापेक्षा फार वेगळा नसतो. पण मी डॉक्टरचे दहा मिनिट मागतच नाही. नाडी आणि बीपी मोजायला एमबीबीएस लागत नाही. नर्स मोजू शकते, आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी मोजू शकतात. म्हाताऱ्यांसाठी तर उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजलं तरी बरंचसं कळतं. रुग्ण रांगेत उभाच आहे, बाकावर आडवं करायला जागा तेवढी लागते. केसपेपरवर 'चक्कर' हा शब्द आला की दोन रकाने : झोपून बीपी आणि नाडी, उभं राहून बीपी आणि नाडी. रबरी शिक्का बनवायला किती लागतात? आमच्या प्रेसशेजारचा माणूस संध्याकाळपर्यंत करून देतो.

आपला जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत आपल्याला घातलं, त्यात गुण द्यायचे ३० टक्के आरोग्य आणि पोषणाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, शंभर जागांचं. ते मागायला आपण मोर्चे काढले, मी फोटो काढले. आता तिथली मुलं शिकून वॉर्डात येतील. त्यांच्या हातात पहिल्यापासून ही सवय पडावी एवढी मागणी आहे. इमारत झाली, मशीन आली, नव्या मशीनसाठी निवेदनंही जातील. झोपवून-उभं करून मोजण्याला फीत कापता येत नाही, म्हणून त्याची मागणी कोणी करत नाही का, असं मला अधूनमधून वाटतं.

यावर एक डॉक्टर मित्र फोनवर म्हणाला, "अरे, हे निदान करून उपयोग काय, याला औषध कुठं आहे?" हे मला पटलं नाही. पुतणीचा आजार मुळापासून गेलेला नाही, हे खरं. पण तिचं काय झालं ते सांगतो. रोज अडीच-तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जादा मीठ (बीपी, किडनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे चुकूनही स्वतः करू नये), पोटापर्यंतचे घट्ट मोजे, उठताना आधी बसणं आणि पायांच्या पोटऱ्या आवळणं, आणि व्यायाम, पण सुरुवातीला आडवं पडून आणि बसून करायचा. ठोके आवरायला एक छोटी गोळी. सहा महिन्यांत ती परत कॉलेजला गेली. एस.टी.त कंडक्टरला सांगून बसायला जागा मागते, लाजत नाही. वाईट दिवस येतात, पाळीच्या आसपास जास्त. पण तिला आता माहीत आहे की काय होतंय. आणि निदानच झालं नसतं तर पुढं काय होतं? कॉलेज सुटलेलंच होतं. 'डोक्यात बिघाड' असा शिक्का बसलाच होता. घाईनं लग्न, आणि मग सासरी चुलीसमोर भोवळ येऊन पडली की 'फसवून पोरगी दिली'.

घरी करून बघायचं असेल तर असं करा. सकाळी, शेजारी दुसरं माणूस असताना. पाच मिनिटं झोपा, नाडी आणि बीपी लिहा. उभं राहा, भिंत जवळ असू द्या. एक, तीन, पाच, दहा मिनिटांनी पुन्हा लिहा. डोळ्यांपुढं अंधारी आली की लगेच आडवं व्हायचं, दहा मिनिटं पूर्ण करायचा हट्ट नाही. म्हाताऱ्या, पडण्याची भीती असलेल्या माणसांवर घरी प्रयोग करू नका. तो कागद घेऊन डॉक्टरकडं जा, निदान तुम्ही करू नका, गुगललाही करू देऊ नका. धावताना किंवा काम करताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, शौचाला काळी झाली, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर कागद-पेन्सिल सोडा आणि सरळ दवाखाना गाठा.

माझ्या धंद्याबद्दलही दोन ओळी. सप्टेंबर २०२२ मध्ये 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान झालं, २०२५ च्या सप्टेंबरात 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' झालं. अशा अभियानांच्या, शिबिरांच्या किती प्रेसनोट मी जशाच्या तशा छापल्या असतील, मोजदाद नाही. 'इतक्या महिलांची तपासणी', खाली पाहुण्यांची नावं, फोटोत फीत. काय तपासलं, कसं तपासलं, त्यातल्या चक्कर येणाऱ्या किती बायकांना उभं करून बघितलं, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारणं हे माझं काम होतं आणि त्याचे मला पैसे मिळतात. थोडेच, पण मिळतात.

तर पुढच्या आठवड्यात जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी दोघांना एका पानाचं निवेदन देतोय. मागणी एकच, त्या दोन रकान्यांची. ज्यांना सोबत यायचं आहे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, वार नक्की झाला की कळवतो. आशाताईंनी, सिस्टर लोकांनी आवर्जून यावं, शिक्का कसा असावा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि यापुढं शिबिराची प्रेसनोट पाठवणाऱ्या मित्रांनो, फोटोबरोबर एक आकडा पाठवा, किती जणांचं बीपी उभं करून घेतलं. आकडा नसेल तर बातमीत तेवढी ओळ मी माझ्याकडून टाकीन, की तो नव्हता.